टकळी आणि दुसरं दार

शांततेचं नोबेल मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री, जेन अ‍ॅडम्स, १९३१. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एवढंच असतं. मला मात्र तिचं फसलेलं स्वयंपाकघर जास्त आवडतं.

जेनचा जन्म १८६० चा, इलिनॉयमधल्या सीडरव्हिल गावातला. घरची सुखवस्तू. दोन वर्षांची असताना आई गेली. पुढे डॉक्टर व्हायला निघाली, पण पाठीच्या दुखण्यानं शिक्षण अर्धवट राहिलं. मग कितीतरी वर्षं, करायचं काय हेच उमगेना. १८८८ मध्ये लंडनला तिनं टॉयन्बी हॉल पाहिला. तिथे शिकलेली मुलं गरीब वस्तीतच राहायची. परतल्यावर १८८९ मध्ये मैत्रीण एलन गेट्स स्टारबरोबर तिनं शिकागोतल्या एका जुन्या घरात बिऱ्हाड मांडलं. तेच हल हाउस. शेजार सगळा पोटासाठी देश सोडून आलेल्यांचा: इटालियन, ग्रीक, जर्मन, रशियातले ज्यू.

बालवाडी निघाली, इंग्रजीचे वर्ग निघाले. कचरा उचलला जाईना, तेव्हा १८९५ मध्ये बाई स्वतःच वॉर्डाची कचरा-निरीक्षक झाली आणि सकाळी सहाला उठून गाड्यांमागे फिरू लागली!

स्वयंपाकघर मात्र फसलं. दमून येणाऱ्या शेजारणींसाठी शास्त्रशुद्ध, पौष्टिक अन्न स्वस्तात विकायचं ठरलं. पण फारसं कुणी घेईना. ज्याला त्याला आपापल्या गावची चव हवी होती. (परगावी आपल्याला नाही का घरची आमटी आठवत?) लोकांना कळत नाही, असं न म्हणता जेननं आपला अंदाज चुकल्याचं कबूल केलं.

आणखी एक गोष्ट तिला खुपायची. शाळेत जाणाऱ्या मुलांना आपल्या गावंढळ आईची लाज वाटू लागे. एक इटालियन मुलगी तर आई ज्या दारानं हल हाउसमध्ये येई ते टाळून दुसऱ्या दारानं यायची. अशात जेनला रस्त्यात टकळीवर सूत कातणारी एक इटालियन म्हातारी दिसली. त्यातून १९०० मध्ये ‘लेबर म्युझियम’ उभं राहिलं. परदेशातून आलेल्या बायका तिथे कातत, विणत आणि शिकलेसवरलेले पाहुणे कौतुकानं बघत. त्या मुलीची आई तर टकळीत सगळ्यांत तरबेज निघाली. लेकीनं ते पाहिलं. नंतर ती आईच्याच दारानं येऊ लागली.

पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून जेनला खूप टीका सोसावी लागली. २१ मे १९३५ ला ती गेली. निरोप हल हाउसच्या अंगणातच दिला. हजारो माणसं लोटली होती.