प्लूटो सापडायच्या १९ वर्षं आधी केतकर मास्तरांनी त्याचं अंतर सांगितलं होतं, पण गणित चुकलं होतं

समजा सूर्य सीएसएमटी स्टेशनवर आहे आणि पृथ्वी तिथून एक किलोमीटरवर. याच हिशोबाने गुरू येतो भायखळ्याच्या आसपास, शनी दादरला, युरेनस घाटकोपरला आणि नेपच्यून मुलुंडच्या जरा अलीकडे. १९११ साली एका मराठी शिक्षकाने सांगितलं की लाईन इथे संपत नाही. ठाणं ओलांडून पुढे गेलात की मुंब्र्याजवळ अजून एक ग्रह असणार.

या शिक्षकाचं नाव व्यंकटेश बापूजी केतकर.

जन्म १८५४ चा, नरगुंदचा. हे गाव आज कर्नाटकात आहे. नोकरी मुंबई इलाख्यातल्या शाळांमध्ये. त्या काळी आपल्याकडची बरीच पंचांगं कोकणातल्या गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव'वरून बनायची, आणि तो ग्रंथ होता १५२० सालचा. साहजिकच पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे, असं व्हायला लागलं होतं. केतकरांनी युरोपातले नवे आकडे घेतले आणि 'ज्योतिर्गणित', 'केतकी ग्रहगणित' असे ग्रंथ संस्कृतात लिहिले. कारण सोपं होतं. पंचांग बनवणारे शास्त्री संस्कृत वाचत होते, इंग्रजी नाही.

मग वाद पेटला तो राशिचक्र कुठून मोजायचं यावर. लोकमान्य टिळकांची बाजू रेवती ताऱ्याची, केतकरांची चित्रेची. आज तुमच्या घरातलं पंचांग बहुधा चित्रा पक्षाचंच असेल. भारत सरकारचं राष्ट्रीय पंचांगही त्याच बाजूचं आहे.

पण जगाने त्यांची दखल घेतली ती वेगळ्याच कामासाठी. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे चंद्र १:२:४ अशा ठरलेल्या तालात फिरतात. युरेनस, नेपच्यून आणि त्यापलीकडचे ग्रहही असेच बांधलेले असतील, असं केतकरांनी मानलं. फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी दोन ग्रह मांडले. ब्रह्मा, अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, फेरी २४२ वर्षांची. आणि विष्णू, साधारण ६० पट अंतरावर.

फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेत प्लूटो सापडला. अंतर ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची! आपल्या लाईनवर दोघांत जेमतेम अर्धा किलोमीटर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, केतकर गेले.

मग त्यांना प्लूटोचा शोध लावल्याचं श्रेय का मिळत नाही? कारण युरेनस आणि नेपच्यून त्या तालात पक्के बांधलेले नाहीतच. पायाच कच्चा, उत्तर मात्र जवळचं. शिवाय सगळे शोधत होते मोठा ग्रह, आणि प्लूटो इतका हलका की आपला चंद्रही त्याच्या पाचपट वजनदार.

तो एवढासा का राहिला, हे पुढे राक्षसी ग्रहांच्या गाभ्यांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं. आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात ते असं: नव्या सूर्याभोवती वायू आणि धुळीची चकती होती. धूळ-बर्फ चिकटत चिकटत गाभा साधारण पृथ्वीच्या दहापट झाला की तो आजूबाजूचा वायू भराभर ओढून घेतो. पण हा वायू टिकतो फार तर एक कोटी वर्षं. गुरू-शनीने वेळेत हात मारला. युरेनस-नेपच्यूनचे गाभे तयार झाले, पण वाट्याला वायू थोडाच आला. त्याहून लांब माल विरळ आणि फेऱ्या संथ. तिथला प्लूटो गाभा होण्याआधीच अडकला.

गंमत म्हणजे केतकरांना हवा होता तसा ताल तिथे खरंच आहे. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या दोन. रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये त्याचं कारण मांडलं. नेपच्यून जन्मानंतर हळूहळू बाहेर सरकला आणि सरकताना त्याने प्लूटोला या तालात पकडलं.

विष्णू मात्र अजून कुणालाच दिसलेला नाही. आपल्या लाईनवर त्याची जागा येते अंबरनाथला, म्हणजे नेमकी शंकराच्या गावात.