जेकब रॅबिनो आणि घट्ट होणारे तेल

कॅम्पला जाताना तीन टनी ट्रकच्या मागे बसलेल्यांना रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात मोजता येतो. मागच्या टर्मला अशाच एका प्रवासानंतर आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी शॉक अॅब्सॉर्बरमधल्या तेलाविषयी सांगितले आणि बोलता बोलता जेकब रॅबिनो हे नाव घेतले. चुंबकाच्या जोराने घट्ट होणारे तेल या माणसाने तयार केले होते.

रॅबिनो यांचा जन्म ८ जानेवारी १९१० रोजी खार्कीव्ह येथे झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होते. १९१७ साली, क्रांतीच्या वर्षी, त्यांचे कुटुंब सायबेरियात गेले. वडील वारल्यावर १९१९ मध्ये सगळे चीनमध्ये आले आणि १९२१ मध्ये अमेरिकेत पोचले. तेव्हा जेकब अकरा वर्षांचे होते. आपल्याकडे सहावीला येणारी मुले याच वयाची असतात. मला इथे आल्यावर फक्त हिंदीशी जुळवून घ्यायचे होते, तरी पहिला महिना मी रडून काढला, हे कबूल करतो.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून ते १९३३ मध्ये इंजिनिअर झाले, पण तो महामंदीचा काळ होता. १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी प्रयोगशाळेत त्यांना मनासारखे काम मिळाले. दुसऱ्या महायुद्धात तिथे प्रॉक्सिमिटी फ्यूजवर काम चालू होते. असा फ्यूज बसवलेला बॉम्ब लक्ष्यावर आदळण्याची वाट पाहत नाही. परत येणाऱ्या रेडिओलहरींवरून लक्ष्य जवळ आल्याचे ओळखून तो फुटतो. रॅबिनो या कामात होते.

युद्ध संपल्यावर ते क्लचकडे वळले. नेहमीच्या क्लचमध्ये दोन तबकड्या एकमेकींवर घासतात आणि झिजतात. रॅबिनोंनी तबकड्यांमध्ये फट ठेवली आणि त्या फटीत लोखंडाची अतिशय बारीक पूड मिसळलेले तेल भरले. वजनाने नऊ भाग लोखंड आणि एक भाग तेल! बाहेरच्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होते, लोखंडाचे कण साखळीसारखे एकमेकांना धरतात आणि पातळ मिश्रण क्षणात घट्ट होते. एक तबकडी फिरली की दुसरीही फिरते. वीज बंद केली की पुन्हा पातळ. त्याच सुमारास विलिस विन्स्लो यांनी चुंबकाऐवजी विजेच्या क्षेत्राने घट्ट होणारे द्रव बनवले होते, पण त्यांना हजारो व्होल्ट लागत. रॅबिनोंच्या तेलाला साधी बॅटरी पुरे, शिवाय त्याची पकड कितीतरी जास्त. १९४७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५१ मध्ये ते मिळाले.

हे वाचून मी प्रयोगशाळेतला लोखंडाचा कीस मेसमधल्या मोहरीच्या तेलात मिसळला. परीक्षानळीला चुंबक लावताच मिश्रण एका बाजूला गोळा झाले आणि नळी उलटी केली तरी खाली आले नाही. संपूर्ण डॉर्मिटरी बघायला जमली. सकाळी उठून पाहतो तर वर स्वच्छ तेल आणि तळाशी काळा गाळ.

रॅबिनोंच्या शोधापुढची एक मोठी अडचणही हीच होती. लोखंड तेलापेक्षा खूप जड असल्याने खाली बसते. शिवाय ते कण यंत्राचे भाग घासून काढतात, आणि प्रवाह क्षणोक्षणी बदलायला लागणारी स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हती. त्यामुळे या तेलाचा वापर अनेक वर्षे फारसा वाढला नाही.

रॅबिनो मात्र थांबले नाहीत. चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवण्याचे यंत्र, छापील अक्षरे वाचणारे यंत्र, टपालाची पत्रे वेगळी करणारे यंत्र अशी त्यांची कामे आहेत. अमेरिकेत त्यांच्या नावावर सुमारे २३० पेटंटे आहेत. एवढ्यांची नावे पाठ करायची वेळ आमच्यावर येऊ नये!

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी कण तेलात तरंगत ठेवणारे पदार्थ शोधले. कणांभोवती पॉलिमरचा लेप देऊनही पाहिले. २००२ मध्ये कॅडिलॅक कंपनीच्या एका मोटारीत असे तेल भरलेले शॉक अॅब्सॉर्बर बसले. रस्ता बदलला की सेन्सर सांगतात आणि तेल सेकंदाच्या काही हजाराव्या भागात घट्ट किंवा सैल होते. रॅबिनो ११ सप्टेंबर १९९९ रोजी वारले, त्यामुळे ती मोटार त्यांना पाहता आली नाही.

माझी परीक्षानळी अजून प्रयोगशाळेच्या खिडकीत आहे. पुढच्या खेपेस तेलात थोडे ग्रीस मिसळून बघायला सरांनी सांगितले आहे.