सर्पगंधेचे डॉक्टर

वणीच्या सरकारी रुग्णालयात ओपीडीत बसलो की एक तक्रार हमखास येते. हृदयाच्या ठोक्यांच्या गोळीने मळमळते, गळून जायला होते, म्हणून गोळी बंद केली. कुणी तर गोळीऐवजी मुळीची पूड सुरू करून येतो. झाडपाल्याचा अपाय होत नाही, हा विश्वास असतो. अशा वेळी डॉ. रुस्तम जाल वकील यांची आठवण होते.

१९११ साली मुंबईत जन्मलेले वकील लंडनमध्ये डॉक्टर झाले आणि परतून केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. रक्तदाबावर तेव्हा भरवशाचे औषध जवळपास नव्हतेच. आपल्याकडचे वैद्य झोप येत नसेल, वेडाचा झटका असेल तर सर्पगंधेची मुळी देत. वकिलांनी तिच्याकडे ना श्रद्धेने पाहिले, ना तुच्छतेने. त्यांनी रुग्णांना ती मोजून दिली, रक्तदाब पुनःपुन्हा घेतला आणि १९४९ मध्ये ५० रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. बोस्टनच्या डॉक्टरांनी तो वाचून हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे झाले. १९५७ चा लास्कर पुरस्कार आणि १९५८ ची पद्मभूषण वकिलांना मिळाली.

पण वापर वाढला तशी औषधाची दुसरी बाजूही दिसली. नाक चोंदणे, सुस्ती, मंद नाडी आणि मोठ्या मात्रेत काहींना खोल नैराश्य. कारण एकच होते. रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठा रिता करते. रक्तवाहिन्यांत तसे झाले की रक्तदाब उतरतो, हृदयात झाले की ठोके मंदावतात, मेंदूत झाले की मन खचू शकते. गुण आणि अपाय एकाच मुळीतून येतात. याच मुळीतले अजमलिन हे द्रव्य सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये दिल्लीत वेगळे केले होते. पुढे ते ठोके ताळ्यावर आणायला वापरले गेले; पण तेच ठोके बिघडवूही शकते.

१९७४ मध्ये वकील गेले. रेसर्पिन आता मागे पडले आहे. त्यांची पद्धत मात्र जुनी झालेली नाही: मात्रा मोजा, नाडी बघा, रुग्णाची तक्रार लिहून ठेवा.

तेव्हा गोळीने त्रास झाला तर तो आम्हाला सांगा. डिगॉक्सिनवर असताना भूक गेली, मळमळले, सगळे पिवळसर दिसू लागले, अमिओडॅरोनवर असताना कोरडा खोकला किंवा धाप सुरू झाली, तर लगेच दाखवायला या. नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली किंवा भोवळ आली तर त्याच दिवशी या. बहुतेक वेळा मात्रा कमी करून किंवा गोळी बदलून मार्ग निघतो. मनाने गोळी थांबवू नका आणि तिच्या जोडीला न सांगता मुळी घेऊ नका. घेत असाल तर पुडी सोबत आणा. आम्ही रागावणार नाही.