कमलाबाई सोहोनी

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेत कमला भागवत ही विद्यार्थिनी गुणवत्तेने अग्रभागी आली. तिचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गा भागवत ही तिची थोरली बहीण. वडील व चुलते बंगळूरच्या ज्या विज्ञानसंस्थेत शिकले, तेथेच आपणही संशोधन करावे, असा तिचा निश्चय होता.

परंतु तेथून नकार आला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे तेव्हा संस्थेचे संचालक होते. संशोधनासाठी स्त्रियांना प्रवेश देण्यास ते राजी नव्हते. कमलाबाई स्वतः बंगळूरास गेल्या आणि आपल्या मागणीवर ठाम राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण तो अटींवर. त्यांचे काम वर्षभर पारखले जाणार होते आणि तोवर त्यास मान्यता नव्हती. हा अपमान त्यांच्या मनाला फार लागला. तरी त्याचे उत्तर त्यांनी आपल्या कामानेच दिले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षाअखेरीस रामन यांची खात्री पटली. त्यानंतर इतर मुलींनाही त्या संस्थेचे दार खुले झाले.

पुढे कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे बटाट्यावर प्रयोग करीत असता त्यांना ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य आढळले. वनस्पतींच्या पेशींना श्वसनासाठी ते आवश्यक असते, असे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली व त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या.

१९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. आता त्यांनी गरिबांच्या आहाराकडे लक्ष वळविले. कच्च्या कडधान्यांतील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात. शिजविल्याने त्यांचा जोर ओसरतो. अशा द्रव्यांचा त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह शोध घेतला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. नीरा म्हणजे ताडामाडाचा न आंबलेला ताजा रस. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांची प्रकृती नीरेने सुधारते, असे त्यांना आढळले. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आज भंडारदऱ्यासारख्या डोंगराळ भागातील मुलगीही प्रयोगशाळेत जाण्याचे स्वप्न पाहू शकते. ती मुलगी आहे एवढ्याच कारणाने तिला कोणी अडवू शकत नाही. हा मार्ग सुकर करणाऱ्यांत कमलाबाईंचे नाव अग्रभागी आहे.