विनोबांची शेती

आपण इथे मआमीरला नळ सोडला की पाणी येते. विनोबा भाव्यांच्या शेतात मात्र पाण्यासाठी माणसेच रहाट ओढत!

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात, गागोदे गावी झाला. १९१६ साली घर सोडून ते गांधीजींकडे गेले. १९३८ मध्ये प्रकृती फार खालावली, म्हणून ते वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी राहू लागले. तिथे ते रोज थोडे थोडे खणत. हळूहळू अंगात ताकद आली.

१९५० साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवा संकल्प केला. आश्रमासाठी कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, स्वतः पिकवायचे आणि तेच खायचे. शेतीला बैलही नाहीत. कुदळीने जमीन खणायची आणि विहिरीचा रहाट सर्वांनी मिळून फिरवायचा. या शेतीला ऋषिशेती असे नाव होते.

पुढच्याच वर्षी ते पायी तेलंगणात गेले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावात ४० भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. कष्ट करायची तयारी होती, पण जमीनच नव्हती. विनोबांनी गावकऱ्यांना विचारले, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर दिली. तीच भूदानाची सुरुवात. मग विनोबा जवळजवळ तेरा वर्षे गावोगाव पायी फिरले. लाखो एकर जमीन मिळाली. त्यातली पुष्कळ खडकाळ निघाली, काही वाटलीच गेली नाही. पण अनेक घरांना हक्काचे शेत मिळाले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा पवनारलाच वारले. जमीन मागण्याआधी त्यांनी ती स्वतः खणली होती, हे आपण लक्षात ठेवू या.