तुपाची शाई

मी चुडाव्याचा. पूर्णा-नांदेड लाईनवरचं आमचं छोटं स्टेशन. दर पाडव्याला आजोबा घरी नव्या पंचांगाची पूजा करतात. पण पहिलं मराठी पंचांग छापलं कुणी, हे मला कळलं ते फायनल इयरला, प्रोजेक्ट अडल्यावर!

गणपत कृष्णाजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली ते छपाई शिकले. स्वतःचा छापखाना काढायचा म्हटलं तर यंत्र कुठून आणणार? त्यांनी लाकडाचं यंत्र स्वतःच बनवलं. दगडाचे तुकडे जमवून त्यांवर छापून पाहिलं. शाईसुद्धा स्वतःच तयार केली. पुढे मराठी टाइपही पाडले.

खरी अडचण वेगळीच होती. शाईत चरबी, म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवेनात. चरबी नुसती वगळूनही भागेना, कारण शिळाछपाईत ओल्या दगडावरची अक्षरं फक्त स्निग्ध शाईच धरतात. गणपतरावांनी लोकांना नावं ठेवली नाहीत. चरबीऐवजी तूप घातलं! १८३१ साली त्यांचं पंचांग छापून निघालं. १८६० साली ते वारले, तोवर छापील पुस्तक घरोघरी रुळू लागलं होतं.

आमचं हळद पॉलिश करायचं यंत्र काही केल्या चालेना, म्हणून तयार प्रोजेक्ट विकत आणायचं ठरलं होतं. माझ्या वाट्याचे पैसे मी परत मागितले. सबमिशनला बारा दिवस आहेत. सध्या मी वर्कशॉपमध्येच सापडेन.