वाटणी शिकवणारे गणिती : अल-ख्वारिज्मी

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशोब मांडला जातो. वर्षभर शिलकीत राहिलेल्या रकमेचा चाळिसावा हिस्सा गरजूंचा असतो. शाळेत मुलांना नकोसा वाटणारा अपूर्णांक असा कुणाच्या तरी हक्काशी जोडलेला आहे. हे नाते बाराशे वर्षांपूर्वी ज्यांनी गणिताच्या ग्रंथात मांडले, ते मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी.

त्यांचा जन्म इ. स. ७८० च्या सुमारास झाला. नावावरून घराण्याचे मूळ अरल समुद्राच्या दक्षिणेकडील ख्वारिज्म प्रांतात असावे. खलिफा अल-मामून (८१३ ते ८३३) यांच्या काळात ते बगदादच्या बैत-उल-हिकमत या विद्याकेंद्रात काम करीत. भारतीय ज्योतिषगणिताच्या आधारे त्यांनी ग्रहांची कोष्टके तयार केली. शून्यासह भारतीय अंकांनी हिशोब कसा करावा, यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्याचे श्रेय भारतीयांनाच दिले.

त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ समीकरणांचा. वारसाहक्क, व्यापार, जमीनमोजणी, कालव्यांची खोदाई अशा कामांत लोकांना लागणारे गणित सोपे करून सांगणे, हा त्यामागचा हेतू होता. एखाद्या संख्येच्या पाचपटीतून ३ वजा केल्यावर १२ उरतात, असे समजा. दोन्ही बाजूंना ३ मिळवले की पाचपट १५ होते आणि संख्या ३ निघते. वजा झालेले असे भरून काढणे म्हणजे ‘अल-जब्र’. बीजगणिताचे इंग्रजी नाव याच शब्दावरून आले. त्यांच्या ग्रंथात ‘क्ष’ नाही, चिन्हे नाहीत; सारे शब्दांतच आहे.

ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रे आणि वाटण्यांनी व्यापलेला आहे. त्यातले एक उदाहरण पाहा. एका स्त्रीच्या मागे पती, एक मुलगा आणि तीन मुली आहेत. तिने एका परक्या माणसाला मालमत्तेचा एक अष्टमांश व एक सप्तमांश, म्हणजे ५६ पैकी १५ भाग ठेवले आहेत. उरलेल्या ४१ भागांतला पाव हिस्सा पतीचा. बाकी मुलांची, त्यात मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट. कुणाचाही वाटा तुटू नये म्हणून एकूण मालमत्तेचे ११२० भाग धरायचे. परक्याला ३००, पतीला २०५, मुलाला २४६ आणि प्रत्येक मुलीला १२३. बेरीज बरोबर ११२०.

८५० च्या सुमारास ते वारले. ११४५ मध्ये या ग्रंथाच्या समीकरणांच्या भागाचे लॅटिन भाषांतर झाले आणि ते गणित युरोपात पोहोचले. संगणकाच्या जगातला ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावाचे बदललेले रूप आहे.

घरातले मूल अपूर्णांकाला कंटाळून वही मिटू लागले, तर त्याला ही वाटणी करायला सांगा. छेद चुकला, तर एखाद्या मुलीचे १२३ भाग पुरे भरणार नाहीत, हे त्याला लगेच कळेल.